यादीत नसलेला उंबरठा

दोन आज्या डोळ्यांसमोर आणू. एक गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, दुसरी चिपळूणजवळच्या एका वाडीत. दोघी कल्पनेतल्या आहेत, पण अशा घरांत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी चहा घेतलेला असतो. दोघींचं वय अठ्ठ्याहत्तर. दोघींना मधुमेह, रक्तदाब आणि कुरकुरणारे गुडघे. गेल्या पावसाळ्यात दोघीही एकेकदा पडल्या. हाड वाचलं, पण घर हादरलं. मग दोघींच्या मुलांनी जे आपण सगळे करतो तेच केलं: वृद्धांची काळजी कशी घ्यावी, याची माहिती शोधून वाचून काढली. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवा, जमिनीवरचे गालिचे काढा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, रात्री बेडरूम ते बाथरूम दिवा चालू ठेवा. सल्ला अगदी बरोबर. अडचण पुढे आली.

चाळीतल्या घरी बाथरूम म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली मोरी. संडास गॅलरीच्या टोकाला, सात बिऱ्हाडांत मिळून. दांडा बसवायचा तर तो सामाईक भिंतीला आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलायला हवं. गालिचा घरात कधी नव्हताच. जिना लाकडी, मालकाचा, त्याच्या दुरुस्तीचा वाद जुना. मात्र त्या घराचं दार दिवसभर उघडं असतं. सकाळी आठपर्यंत आजी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या नाहीत, तर पलीकडची कोणीतरी डोकावणारच.

वाडीतल्या घराला जिना नाही, पण प्रत्येक दाराला उंबरठा आहे, ओटीच्या, माजघराच्या आणि मागच्या दाराच्याही. न्हाणीघर मागच्या अंगणात. पावसाळ्यात तिथल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि नेमकी त्याच दिवसांत वीज जाते. जवळचं घर आगराच्या पलीकडे. हाक मारली तर पावसात ऐकू जाईलच असं नाही.

यादीत उंबरठा नव्हता, कारण जिथे ती यादी तयार झाली तिथल्या घरांना उंबरठे नव्हते. यादी करणाऱ्याची यात चूक नाही. त्याने कोणत्याही घरासाठी लिहिलं होतं, आणि वाचणाऱ्याने ते आपल्याच घरासाठी लिहिलंय असं समजून वाचलं. या प्रकरणात आपण हीच फट तपासणार आहोत: सर्वसाधारण माहिती कुठपर्यंत सोबत करते, कुठे हात सोडते, आणि तिथून पुढची माहिती कुणाकडे मिळते.

सहा कामं, आठ कामं

आधी अशा माहितीचं ऋण मान्य करू. डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अमेरिकेत एक साधी मोजपट्टी मांडली. माणूस किती स्वावलंबी आहे हे आजारांच्या नावांवरून ठरवायचं नाही. तो सहा कामं स्वतःची स्वतः करू शकतो का, ते पाहायचं. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. ही कामं हातून सुटतात ती साधारण एका क्रमाने: अंघोळ आधी, जेवण सगळ्यात शेवटी. घरच्यांना याचा मोठा उपयोग आहे. ‘बाबा हल्ली थकलेत’ या वाक्यावरून कोणतीच व्यवस्था लावता येत नाही. ‘बाबांना अंघोळीला मदत लागते, कपडे ते स्वतः घालतात’ यावरून लावता येते.

सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, लॉटन आणि ब्रॉडी यांनी जरा वरच्या पायरीची आठ कामं मांडली: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार. म्हातारपणाची पहिली चाहूल बहुतेक वेळा इथे लागते. वीजबिल दोनदा भरलं जातं, सकाळची गोळी संध्याकाळी सापडते, नेहमीच्या बसचा नंबर आठवत नाही.

आता ही मोजपट्टी आपल्याकडच्या एखाद्या आजोबांना लावून बघा. स्वयंपाक येतो का? नाही. कपडे धुता? नाही. घरकाम? नाही. आठपैकी तीन गुण जागीच गेले. पण आजोबांनी ही कामं चाळिसाव्या वर्षीही केलेली नव्हती. ती त्यांच्या हातून सुटली नाहीत, कधी हातात घेतलेलीच नव्हती. मोजपट्टी करणाऱ्यांच्याही हे ध्यानात आलं होतं. सुरुवातीच्या काळात पुरुषांचे गुण मोजताना ही तीन कामं वगळली जात. उलट आयुष्यभर बँकेची पायरी न चढलेल्या आजी पैशांच्या व्यवहारात नापास होतील, पण वाण्याची उधारी त्यांना पैशासकट तोंडपाठ असेल. म्हणजे आज काय येत नाही याला एकट्याने अर्थ नाही. काल काय येत होतं ते शेजारी ठेवावं लागतं. आणि तो काल फक्त घरच्यांना माहीत असतो.

वाचता न येणाऱ्या बाईची स्मरणशक्ती

हीच गोष्ट स्मरणशक्तीच्या बाबतीत घडली, आणि तिची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९७५ मध्ये फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी तीस गुणांची एक छोटी चाचणी तयार केली. ती जगभर पसरली. तारीख कोणती, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा. दहा मिनिटांत अंदाज येतो.

शाळेत न गेलेल्या माणसाला मात्र यातले कित्येक गुण पहिल्यापासूनच मिळू शकत नाहीत. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातल्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करायला निघालेल्या संशोधकांपुढे १९९०च्या दशकात हाच प्रश्न उभा राहिला. तिथले बहुसंख्य म्हातारे निरक्षर होते. मूळ चाचणी तशीच हिंदीत आणली असती, तर निम्मं गाव आजारी ठरलं असतं. म्हणून त्यांनी चाचणीच नव्याने बांधली. लिहिणं-वाचणं लागेल असे प्रश्न बदलले, आणि त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातून नवे प्रश्न घेतले. १९९५ मध्ये ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. संशोधकांनाही आपलं मोजमाप माणसांच्या मापाने पुन्हा शिवून घ्यावं लागलं.

घरी आपण नेमकं उलट करतो. मोबाइलवर आलेली ‘स्मृतिभ्रंशाची दहा लक्षणं’ आईला लावून बघतो. तारीख सांगता येत नाही? निवृत्तीनंतर कितीजणांना तारीख माहीत असते? पण आज चतुर्थी आहे हे तिला न विचारता कळत असेल, आणि पुढच्या महिन्यात ते कळेनासं झालं, तर काळजी करावी.

सरासरी म्हणजे कुणाचंच वय नाही

योजना म्हटली की आकडे येतात, आणि आकड्यांतला सगळ्यात फसवा आकडा आयुर्मानाचा. भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे सत्तर वर्षं, हे वाचून बहात्तर वर्षांच्या वडिलांचा मुलगा मनातल्या मनात हिशेब करतो: आता बोनसची वर्षं. पण हे सत्तर जन्माच्या वेळचं आयुर्मान आहे. लहानपणीच गेलेली बाळं, तरुणपणी अपघातात गेलेली माणसं, सगळी त्या सरासरीत मिसळलेली आहेत. जो साठीपर्यंत पोहोचला त्याला भारतात सरासरीने आणखी अठराएक वर्षं मिळतात, आणि बायकांना पुरुषांपेक्षा थोडी जास्तच. म्हणजे पाच वर्षांसाठी बाजूला ठेवलेला पैसा पंधरा वर्षं पुरवायची वेळ येऊ शकते. पहिली दोन वर्षं सढळ हाताने माणसं ठेवून नंतर हात आखडणारी घरं आपण पाहिलेली आहेत. त्यांच्या हिशेबाची सुरुवातच चुकीच्या आकड्याने झालेली असते.

दुसरा आकडा टक्केवारीचा. देशभर केलेल्या एका मोठ्या पाहणीवरून साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांत मोजलं तर सुमारे ८८ लाख. ही संख्या सरकारला फार मोलाची आहे. किती दवाखाने, किती प्रशिक्षित माणसं लागतील, हे तिच्यावरून ठरतं. घराला ती काहीच सांगत नाही. घरातल्या माणसाला ७.४ टक्के स्मृतिभ्रंश होत नसतो. होतो किंवा होत नाही, आणि झाला तर त्या घरापुरता शंभर टक्के होतो.

एका शरीरात तीन पुस्तिका

वैद्यकीय माहिती बहुधा आजारवार लिहिलेली असते. मधुमेहाची एक पुस्तिका, हृदयाची दुसरी, मूत्रपिंडाची तिसरी. पंचाहत्तरीचं शरीर या तिन्ही पुस्तिका एकदमच वाचत असतं, आणि त्या एकमेकींशी भांडतात.

भरपूर पाणी प्या, हा सगळ्यांना माहीत असलेला सल्ला. पण ज्याचं हृदय कमजोर झालंय, पायांवर सूज आहे, त्याला कदाचित डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असेल. मीठ कमी करा, हाही सल्ला योग्य. म्हणून कोणी कौतुकाने ‘कमी सोडियमचं मीठ’ आणतं. त्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते पोटॅशियम रक्तात साठत जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तिच्यातून वगळलं. बातमीत मात्र शिफारस येते, वगळलेली माणसं शेवटच्या ओळीत असतात. शहाळ्याचं पाणीही याच हिशेबात बसतं, कारण त्यातही पोटॅशियम असतं.

साखरेचं तसंच. तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या खाली ठेवायची, हे चाळिशीच्या मधुमेह्यालाही पाठ असतं. पण अमेरिकन मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शनात, अनेक आजारांनी वेढलेल्या वृद्धांसाठी आठच्या खाली चालेल असं सांगितलंय. कारण या वयात वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक उतरलेली साखर जास्त घातक ठरू शकते: घाम, गोंधळ, तोल जाणं, पडणं. आता यात एकादशी मिळवा. आजींनी सकाळची गोळी नेमाने घेतली आणि दुपारपर्यंत तोंडात काही घातलं नाही. छापील तक्त्यात ‘गोळी जेवणाआधी’ एवढंच असतं. आज जेवणच नाही, हे तक्त्याला ठाऊक नसतं. उपास मोडायला सांगून उपयोग नाही. उपासाच्या दिवसाचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तर उपयोग आहे.

आणि औषधांच्या दुकानातून सहज आणलेली सर्दीची गोळी. अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. तिच्या आवृत्त्या अजूनही निघतात. सर्दी आणि खाजेवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या अनेक गोळ्या त्या यादीत आहेत. तरुणाला त्यांनी नुसती गुंगी येते. म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते. पुष्कळदा घरचे समजतात, बाबांचं डोकं फिरलं. डोकं ठीक असतं, चार दिवसांपूर्वी सर्दी झालेली असते.

यावर उपाय जुना आणि फुकटचा आहे: गोळ्यांची पिशवी. घरातली सगळी औषधं, म्हणजे आयुर्वेदिक काढे, मुलीने परदेशातून आणलेली जीवनसत्त्वं, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी, सगळं एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांसमोर ओतायचं. आणि त्याच वेळी त्यांना रक्तदाब आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजायला सांगायचा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरला, तर पडण्याचं कारण बाथरूमच्या फरशीत शोधायची गरज नाही.

परक्या देशाचा कायदा

पैसा आणि कागदपत्रांबद्दल मिळणारी बरीच माहिती इंग्लंड-अमेरिकेतली असते, आणि ती मराठीत येता येता तिचा देश गळून पडतो. ‘आई-वडील शुद्धीत आहेत तोवर मुखत्यारपत्र करून घ्या, म्हणजे पुढे अडचण येत नाही’ हा सल्ला तसाच. तिकडे असं मुखत्यारपत्र असतं की जे माणसाची निर्णयशक्ती गेल्यावरही चालू राहतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मती गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, त्याच दिवशी तो निकामी होतो. वडील बेशुद्धावस्थेत असताना त्यांच्याच उपचारांसाठी त्यांच्याच ठेवी मोडता येत नाहीत, म्हणून लोकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागलाय. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत. त्यापेक्षा वेळेत बँकेत जाऊन खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ व्यवहार करू शकेल असं करून ठेवणं सोपं. तिथेही खातं कुणाबरोबर जोडायचं, हे घरातल्या विश्वासावर ठरतं. ते कोणतंही पुस्तक सांगणार नाही.

बक्षीसपत्राचं पाहा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. मुलांनी सांभाळलं नाही तर दिलेलं घर परत मिळतं, असं त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. कलम २३ तसं म्हणतं खरं, पण एका अटीवर: ‘तू माझा सांभाळ करशील’ या अटीवर घर दिलेलं असावं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या अटीवर बोट ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून आईच्या बाजूने निकाल दिला. तिथे सांभाळाची लेखी हमी होती. दोन्ही निकालांतून घराने घ्यायचा धडा एकच: अट कागदावर असू द्या. ‘आमच्यात असलं काही लिहायची पद्धत नाही’ असं म्हणणारी घरंच पुढे प्रांताधिकाऱ्यांसमोर उभी दिसतात.

विम्याचंही तसंच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. चांगली योजना आहे. पण घरात सत्तरीच्या वरचे दोघं असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून आहेत. उपचार योजनेतल्या रुग्णालयातच होतात. आणि योजना आहे ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरी परत आल्यावर कूस बदलायला, डायपर बदलायला, भरवायला जी मावशी लागते, तिचा पगार योजनेत नाही. नेहमीच्या आरोग्यविम्यातही तो बहुधा नसतो. दीर्घकाळच्या काळजीत घर ज्या खर्चाने वाकतं तो हाच. शस्त्रक्रियेचे पैसे एकदा द्यायचे असतात, मावशीचे दर महिन्याला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता कोण?

मराठी सल्ल्यांत एक शब्द फार येतो: ‘घरच्यांनी’. घरच्यांनी लक्ष द्यावं, घरच्यांनी संवाद साधावा, घरच्यांनी दर दोन तासांनी कूस बदलावी. हे घरचे म्हणजे कोण? उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर जवळ राहणारी मुलगी, नाहीतर स्वतःच सत्तरीतली बायको. अमेरिकेतला मुलगा पैसे पाठवतो आणि सल्ले. पुण्यातली मुलगी रजा टाकते.

अमेरिकेतले शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली आहे. महाराष्ट्रातल्या उटी गावचे सीताराम गवांदे शंभरी ओलांडून जगले. रोज रात्री घोड्यावरून शेताला फेरी मारण्याचा त्यांचा नेम होता, आणि घरात मान पहिला त्यांचा. परदेशातला वाचक हे वाचून हळहळतो, आपल्याला जुनी एकत्र कुटुंबं आठवतात. पण गवांदे ते नुसतं गोड करून सांगत नाहीत. आजोबांना जे जगता आलं, त्याच्यामागे मुलगा, सुना, नातवंडं अशी माणसांची फौज होती, आणि म्हाताऱ्याच्या हाती असलेली जमीन होती. ती व्यवस्था आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोकडून मागणं म्हणजे आणखी एक सर्वसाधारण सल्ला झाला, फक्त तो जुन्या काळातून आलेला.

म्हणून योजना करताना ‘घरचे’ हा शब्द खोडून टाकावा आणि आठवड्याचा कागद आखावा. मंगळवारी दुपारी दोन वाजता घरात कोण असतं? मावशीची बारा तासांची ड्यूटी संपून दुसरी यायला उशीर झाला तर मधला तास कुणाचा? ब्युरोतून आलेली बाई अंघोळ घालेल, भरवेल; पण नाकातल्या नळीतून अन्न द्यायला ती शिकली आहे का, की त्यासाठी नर्सच हवी? दिवाळीत ती गावी जाईल तेव्हा काय? ज्या चौकोनात एकच नाव पुन्हापुन्हा येतं, तिथे दुसरा आजारी तयार होत असतो.

एक आठवडा नुसतं बघा

या सगळ्यावरून माहिती वाचूच नये, असं कोणी म्हणेल तर ते खोटं. माहिती नसेल तर डॉक्टरांना काय विचारायचं हेच कळत नाही. फक्त वाचलेल्या प्रत्येक सल्ल्यापुढे चार प्रश्न पेन्सिलीने लिहावेत. हे कुठल्या देशातलं आणि कधीचं आहे? हे एका आजाराचं आहे, आमच्याकडे किती आहेत? हे आमच्या घरात, आमच्या मोरीत कसं दिसेल? आणि हे करणार कोण? चौथ्या प्रश्नाला नाव मिळालं नाही, तर तो सल्ला कितीही चांगला असला तरी तुमच्या घरासाठी तो अजून अपुरा आहे.

आणि दांडा, खुर्ची, बेल, कॅमेरा यांची खरेदी करण्याआधी एक आठवडा वही घेऊन बसावं. किती वाजता उठतात, कितीदा उठतात, उठताना कशाला धरतात, कुठली पायरी टाळतात, काय खात नाहीत, काय लपवतात. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मुलांना त्रास नको म्हणून म्हातारी माणसं काहीतरी लपवत असतातच. आणि मग त्यांना विचारावं. बसून, घाई न करता: तुला सगळ्यात जास्त काय नको आहे? बहुतेकांच्या उत्तरात मृत्यू नसतो. कुणाला दुसऱ्याने अंघोळ घातलेली नको असते, कुणाला हे घर सुटायला नको असतं, कुणाला नळ्या लावून पडून राहायचं नसतं. हे शेवटचं ज्यांना नक्की सांगायचंय, त्यांच्यासाठी वाटही आहे. उपचारांविषयीच्या पूर्वइच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कागद सोपा आहे, त्याआधीचं बोलणं अवघड.

ही वही दर तीन महिन्यांनी पुन्हा लिहावी लागते, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर तर लगेच. मार्चमध्ये लिहिलेलं जूनमधल्या माणसाला लागू पडेलच असं नाही.

आता त्या दोघींकडे परत जाऊ. गिरगावातल्या मुलाने वही ठेवली तेव्हा त्याला दिसलं की आई संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही. रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जायची तिला भीती वाटायची आणि शेजाऱ्यांसमोर लाजही. तरी दोनदा उठावं लागायचंच, कारण रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि ती रात्री जेवणानंतर दिली जात होती. दिवसभर कमी पाणी, रात्री दोन खेपा, आणि सकाळी उठल्यावर चक्कर. तो डॉक्टरांकडे हे सगळं लिहून घेऊन गेला. त्यांनी ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली, पाणी किती आणि केव्हा प्यायचं ते ठरवून दिलं. एरवी तिथे दांडा बसला असता, आणि चक्कर तशीच राहिली असती.

वाडीतल्या मुलाने गवंड्याला बोलावून मागच्या दाराचा उंबरठा काढायला सांगितला होता. आजींनी तो काढू दिला नाही. रोज सकाळी त्या उंबरठ्याला हळद-कुंकू लावून मग त्या बाहेर पडत. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. मग गवंड्यानेच दोन्ही बाजूंनी उतरती लादी बसवून दिली, वर धरायला चौकटीला कडी ठोकली, आणि न्हाणीघरापर्यंतचे चिरे खरवडून खडबडीत केले. उंबरठ्याची कड अंधुक दिसते, असं आजींनी सांगितलं, तेव्हा त्यावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढला. त्या पट्ट्यावर त्या आता रोज रांगोळी काढत नाहीत. म्हणतात, कायमची काढलेलीच आहे.